पाखाडीखाली घर, रोजचे ४० किलोमीटर आणि लाखाचं बजेट: कुठली इलेक्ट्रिक स्कूटर?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पावसच्या पुढे वाडीत घर, नोकरी रत्नागिरीत, जाऊन येऊन ४० किलोमीटर, मागे कधी आई कधी वडील, बजेट लाखाच्या आसपास, आणि एका दुकानदाराने ६२ हजारात बिनपासिंगची, बिनलायसनची स्कूटर दाखवलीय, एका चार्जमध्ये ८० जाते म्हणतो, तर घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. आणि मग सगळ्यात शेवटी, जाता जाता, एक ओळ टाकलीय की घर रस्त्यापासून पाखाडीने खाली आहे, साठेक पायऱ्या, गाडी वर रस्त्यालाच लावतो. माझ्या मते तुमचा प्रश्न तिथेच सुरू होतो. कुठली कंपनी ते नंतर, आधी गाडी रात्री कुठे उभी राहणार आणि तिथे लाईट कशी येणार हे ठरवा, कोकणात अर्ध्या इलेक्ट्रिक गाड्या या एका गोष्टीमुळे धूळ खात पडलेल्या मी बघितल्यात.

माझं रत्नागिरीत गॅरेज आहे, २२ वर्षं टूव्हीलरचं काम करतोय, गेली पाचेक वर्षं इलेक्ट्रिकचं पण. कुठल्या कंपनीचा एजंट नाही.

आधी ती ६२ हजारवाली निकालात काढू. बिनपासिंगची म्हणजे मोटर २५० वॉटपर्यंत आणि स्पीड ताशी २५ च्या आत, कायद्यात सूट आहे ती एवढ्यालाच. आता ताशी २५ ने २० किलोमीटर म्हणजे तुम्हाला ऑफिसला पोचायला तास लागणार, तो पण सपाट रस्ता असेल तर. भाट्याचा पूल ओलांडून झरी विनायकाच्या पुढे सड्यावर चढणारा रस्ता आहे ना, तिथे मागे माणूस बसला की ती गाडी चालत्या माणसाबरोबर गप्पा मारत जाईल. दुकानदार म्हणेल "मॅडम वायर काढून देतो, ४५ ला पळते". ती वायर काढली की गाडीला कायद्याने पासिंग लागतं आणि तुमच्याकडे नंबर नाही, इन्शुरन्स नाही, काही झालं तर सगळं तुमच्या डोक्यावर. आणि आत बहुतेक लेड-ॲसिड बॅटऱ्या असतात, इन्व्हर्टरला असतात त्याच जातीच्या. ६० व्होल्ट २८ अँपिअर-अवर म्हणजे कागदावर १.७ युनिट, चढावर जोर लागला की त्यातलं निम्मंच हाताला लागतं, आणि रोज पूर्ण उतरवली तर दीड-दोन वर्षांत नवा सेट. ज्यांना वाडीतून बाजारात, बाजारातून घरी एवढंच करायचंय त्यांना चालेल, तुम्हाला नाही. विषय संपला.

आता लाईटचं. मागच्या वर्षी एकजण आले होते, नवीन गाडी, चार महिने झालेले, तक्रार काय तर "चार्जिंग मधेच थांबतं". गाडी तपासली, काही नाही. चार्जर तपासला, बरा. शेवटी त्यांच्या घरी गेलो. तुमच्यासारखंच घर, रस्ता वर, घर खाली. त्यांनी पडवीतल्या बोर्डावरून बारीक दोन पदरी वायर काढली होती, एका माडावरून दुसऱ्या माडावर, मधे तीन जोड, जोडांवर काळी टेप आणि टेपवर प्लास्टिकची पिशवी गुंडाळलेली, आणि वर रस्त्याला गंजलेल्या पत्र्याखाली एक साधा पाच अँपिअरचा बोर्ड. मधला जोड मी हातात घेतला तर टेप वितळून वायरला चिकटलेली. अर्थिंगचा तिसरा पदर नाहीच. चार्जर बिचारा आपला जीव वाचवायला बंद होत होता आणि हे शोरूमला शिव्या घालत होते. एक झावळ पडली असती त्या वायरवर पावसात, तर पाखाडीवरून जाणाऱ्या कोणाचं काय झालं असतं ते सांगायला नको.

तर तुमच्याकडे दोन रस्ते आहेत. एक म्हणजे बॅटरी काढून घरात नेता येते अशी गाडी. ऐकायला हाच मार्ग तुमच्यासाठी बनलाय असं वाटतं. पण एकेक बॅटरी साधारण दहा किलोच्या तांदळाच्या पिशवीएवढी धरा, ४० किलोमीटरला एक पुरणार नाही, दोन लागतील, म्हणजे रोज संध्याकाळी दोन पिशव्या खाली आणि सकाळी साडी-ड्रेस नेसून दोन पिशव्या वर. मे महिन्यात एकवेळ जमेल. जुलैत शेवाळलेल्या चिऱ्याच्या साठ पायऱ्या, एका हातात छत्री, दुसऱ्यात बॅटरी, हे मला तरी पटत नाही. वडिलांना तर अजिबात सांगू नका.

दुसरा रस्ता, आणि मी तुम्हाला हाच सांगेन, वर रस्त्यालाच नीट पॉइंट करून घ्या. चांगल्या वायरमनकडून, तीन पदरी २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, पाइपातून, पाखाडीच्या कडेने पुरून. घरच्या बोर्डावर त्या लाइनला वेगळा एमसीबी आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, हा आरसीसीबी म्हणजे करंट कुठे गळायला लागला की क्षणात लाइन तोडतो, आमच्या पावसात तो नसेल तर मी चार्जिंग करूच नका म्हणेन. वर १६ अँपिअरचा झाकणवाला सॉकेट, छातीएवढ्या उंचीवर, आणि दोन बाजू बंद असलेलं छोटं शेड. अर्थिंग जुन्या घरांत नावालाच असतं, तो खड्डा नवीन करून घ्या, आणि सड्यावर जांभा दगड उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत होतो म्हणून एप्रिल-मेमध्ये त्यात पाणी ओतत जा. हे सगळं करायला काही हजार जातील. ते गाडीच्या किमतीत धरा, बजेट लाखाचं असेल तर गाडी त्या मानाने कमीची बघा, पण यात काटकसर नको. रस्त्यालगत चुलत्यांचं वगैरे घर असेल तर त्यांच्या पडवीत सबमीटर लावून चार्जिंग करणं अजून स्वस्त, फक्त पहिल्याच महिन्यापासून पैसे द्यायचे, नाहीतर गणपतीत विषय निघतो.

गणपतीवरून आठवलं. चाकरमानी आले की सगळ्या वाडीतले पंखे, मिक्सर, पंप एकदम चालू, आणि तुमची वाडी ट्रान्सफॉर्मरच्या शेवटाला असेल तर व्होल्टेज १७०-१८० वर येतं. तेव्हा चार्जिंग रात्री अकरानंतर लावा. आणि जून ते सप्टेंबर गाडी चाळीस टक्क्यांच्या खाली ठेवून झोपू नका, एक पोल पडला तर दोन दिवस लाईट नसते हे तुम्हाला मी काय सांगणार. निसर्ग वादळाच्या वेळी, ३ जून २०२०, श्रीवर्धन-दापोलीकडे आठवडेच्या आठवडे लाईट नव्हती. म्हणून घरात एखादी जुनी पेट्रोल गाडी असेल तर विकू नका, पाच-सात हजारांसाठी.

आता किती मोठी बॅटरी. एका चार्जमध्ये किती किलोमीटर याचा कंपनी जो आकडा सांगते तो ठरलेल्या टेस्टचा असतो, एक माणूस, सपाट, ठरवून दिलेल्या वेगांनी. मी गिऱ्हाइकांना सोपा हिशोब देतो, बॅटरी किती किलोवॅट-अवरची, म्हणजे किती युनिटची, ते विचारा, एकटे आणि कोरडा रस्ता असेल तर २८ ने गुणा, मागे माणूस, पाऊस आणि चढ असेल तर २२ ने. २.२ ची बॅटरी असेल तर वाईट दिवशी ४८ किलोमीटर. तुम्हाला हवेत ४०. पुरेल असं वाटतं, पण चार-पाच वर्षांनी बॅटरी ऐंशी टक्क्यांवर आली की तेच ३८-३९ होतात आणि तुम्ही घराच्या अलीकडेच उभ्या. शिवाय शेवटच्या वीस टक्क्यांत बऱ्याच गाड्या ताकद कमी करतात, आणि तुमचा परतीचा चढ नेमका तेव्हाच येणार. म्हणून ऑफिसात चार्जिंगची सोय नसेल तर तीनच्या खाली जाऊ नका. ३ ला २२ ने गुणलं तर ६६, म्हातारी झाल्यावर पण ५०-५२, निवांत.

ऑफिसात सोय असेल तर मात्र चित्र बदलतं. साहेबांना विचारा, लाजू नका, दिवसाला दीड युनिट पण लागणार नाही, वॉटर कूलर त्याहून जास्त खातो.

चढाचं गणित पण एकदा सांगतो, कारण शोरूममध्ये कोणी सांगत नाही. गाडी ११५ किलो, दोन माणसं १३०, हे वजन शंभर मीटर उभं वर न्यायला मोटर-कंट्रोलरमधली गळती धरून ८५-९० वॉट-अवर जातात. सपाटीवर एक किलोमीटरला ३० च्या आसपास लागतात. म्हणजे शंभर मीटरची चढण म्हणजे जवळजवळ तीन किलोमीटरचा रस्ता खाल्ला. उतारावर रीजनने, म्हणजे थ्रॉटल सोडल्यावर मोटरच वीज बनवून बॅटरीत भरते आणि गाडी आवरते त्याने, सगळं परत मिळतं असं सेल्समन म्हणतो, तसं नाही, थोडंसं मिळतं. आणि एक गंमत अशी, बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर रीजन लागतच नाही किंवा फार कमी लागतं, कारण वीज भरायला जागाच नसते. ज्यांचं घर सड्यावर आहे आणि सकाळी निघाल्या निघाल्या मोठा उतार आहे त्यांनी ९० टक्क्यांवर चार्जिंग थांबवावं, नाहीतर सवयीने थ्रॉटल सोडतात, गाडी काही आवरत नाही, आणि सगळा भार ब्रेकवर. ओल्या लाल मातीत हे फार महागात पडतं.

टेस्ट राइड मारुती मंदिराला एक चक्कर मारून देतात ती घेऊ नका. आपला चढ निवडा, वडिलांना मागे बसवा, चढाच्या मध्यावर पूर्ण थांबा आणि तिथून उचला. आणि गाडी तीस टक्क्यांवर असताना हे करायला मागा. सेल्समन कुरकुर करेल. करू दे.

गाड्यांची नावं तुम्ही विचारली आहेत. किमती सारख्या बदलतात म्हणून त्या लिहीत नाही, ऑन-रोड कोटेशन लिहून घ्या. २.२ किलोवॅट-अवरमध्ये टीव्हीएस आयक्यूबचं छोटं मॉडेल आणि हिरोची विडा व्हीएक्स२ गो आहेत, ऑफिसात चार्जिंग मिळालं तर यांचा विचार करा. विडाची बॅटरी निघते, व्हीएक्स२ प्लसमध्ये दोन मिळून ३.४ आहेत. बॅटरी न काढता जमणार असेल तर बजाजची चेतक ३००१, टीव्हीएस ऑर्बिटर ३.१, एथरची रिझ्टा २.९ ही तुमच्या मापाची मंडळी, यातल्या पहिल्या दोन बजेटला जवळ. ऑर्बिटरचं पुढचं चाक १४ इंची आहे, आपल्या खड्ड्यांना ते बरं. आयक्यूबची मोटर मागच्या चाकातच असते, काम कमी, भानगड कमी. रिझ्टाला बेल्ट आहे, चढावर छान ओढते पण बेल्ट ही कधीतरी बदलायची वस्तू हे लक्षात असू द्या. चेतकची बॉडी पत्र्याची, लोकांना भारी वाटते, मला पण आवडते, पण खाऱ्या हवेत पत्र्यावर ओरखडा गेला की तो तसाच सोडायचा नाही, आठ दिवसांत टचअप. फायबरला ती कटकट नाही, फायबर तुटतं.

माझं मत विचाराल तर तीन किलोवॅट-अवरच्या आसपासची, बॅटरी फिक्स असलेली, आणि जिचं सर्व्हिस सेंटर तुमच्या ऑफिसच्या रस्त्यावर आहे ती. यातला शेवटचा मुद्दा गाडीच्या नावापेक्षा मोठा. शोरूम आणि सर्व्हिस सेंटर यात फरक आहे, काही ठिकाणी काचेमागे चार गाड्या आणि एक मुलगा, कंट्रोलर, म्हणजे मोटरला वीज मोजून सोडणारा डबा, गेला तर पार्ट कोल्हापूर-पुण्याहून येणार. माझ्याकडच्या एका गिऱ्हाइकाची गाडी एका पार्टसाठी दीड महिना उभी होती, हप्ता चालू आणि माणूस एसटीने. तेव्हा शोरूममध्ये जायच्या आधी मागच्या बाजूला सर्व्हिसला जा, तिथे गाडी सोडायला आलेल्या दोन-तीन माणसांना विचारा पार्ट किती दिवसांत मिळाला. ते खरं सांगतात.

आता खारं वारं. पेट्रोल गाडीला जो गंज लागतो तो सायलेन्सरला दिसतो, इलेक्ट्रिकला तो आत लागतो. तांब्याच्या भांड्याला चढतो तसा हिरवा थर कनेक्टरच्या पिनांवर चढतो आणि मग गाडी कधी चालू होते कधी होत नाही. माझ्याकडे पावसाळ्यात येणाऱ्या दहापैकी चार-पाच गाड्यांत बॅटरी, मोटर सगळं ठणठणीत असतं, बिघाड असतो साइड स्टँडच्या स्विचमध्ये नाहीतर ब्रेक लिव्हरच्या स्विचमध्ये. त्यात चिखल-पाणी जातं, गाडीला वाटतं स्टँड खाली आहे, मोटर काही फिरत नाही. पावसाआधी, मेच्या शेवटच्या आठवड्यात, हे दोन स्विच आणि चार्जिंगचं तोंड साफ करून डायइलेक्ट्रिक ग्रीस लावून घ्या, साधं ग्रीस नाही. मोठ्या प्रेशरने गाडी धुवायची नाही, बादली आणि फडकं. आणि बीचवर ओल्या वाळूत फोटोसाठी गाडी नेतात ना, कृपा करून नको.

आयपी-६७ लिहिलेलं असतं बॅटरीवर. त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास, आणि ती टेस्ट गोड्या पाण्यातली. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला जे झालं त्यानंतर मी तिथल्या मित्राच्या गॅरेजला आठ दिवस मदतीला होतो, पेट्रोल गाड्यांची इंजिनं उघडली तर ऑइलचा दुधाचा चहा झालेला. पेट्रोल गाडी त्यातून उभी राहते, ऑइल काढा, फ्लश करा. इलेक्ट्रिक बुडाली तर चालू करायची नाही, चार्जिंगला लावायची नाही, घरापासून लांब उघड्यावर ठेवायची आणि सर्व्हिसला फोन. खारं पाणी आत शिरलेलं असेल तर आत शॉर्ट व्हायला दोन-चार दिवस पण लागू शकतात. तुमची गाडी वर रस्त्याला, त्यामुळे पुराची भीती नाही, पण शहरात सखल जागी पार्किंग करत असाल तर बघा. इन्शुरन्स घेताना बॅटरी पाण्याने गेली तर भरपाई आहे का, हे पॉलिसीत वाचून घ्या, तोंडी उत्तरावर जाऊ नका.

सेकंड हँड घ्यावी का, हेही विचारलंय. घेऊ शकता, पण एप्रिल २०२३ नंतर बनलेली बघा. २०२२ मध्ये गाड्यांना आगी लागल्या, त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक केले, एआयएस-१५६ चा दुसरा टप्पा ३१ मार्च २०२३ पासून लागू झाला. सर्व्हिस सेंटरमधून बॅटरीच्या तब्येतीचा रिपोर्ट काढायला लावा आणि वॉरंटी तुमच्या नावावर होते का ते लेखी घ्या. रिपोर्ट द्यायला मालक टाळाटाळ करत असेल तर तिथून चहा पिऊन निघा.

पैशाचं सांगतो आणि थांबतो. पेट्रोल १०५ धरलं, स्कूटरला ४५ चं ॲव्हरेज, म्हणजे किलोमीटरला २ रुपये ३० पैसे. इलेक्ट्रिकला चार्जरची गळती धरून १०० किलोमीटरला चार युनिट. तुमचं महिन्याला हजार किलोमीटर, म्हणजे ४० युनिट, घरचं बिल शंभर युनिटच्या वर गेलं की पुढची युनिटं महाग लागतात म्हणून साडेबारा रुपये धरा, ५०० झाले. पेट्रोलचे २,३०० झाले असते. महिन्याला १,८०० वाचतात, वर्षाला एकवीस-बावीस हजार, तुमच्या रनिंगला इलेक्ट्रिक घेणं बरोबरच आहे. पण हेच वाचून तुमच्या बाजूच्या घरातले, ज्यांचं रोजचं आठ किलोमीटर आहे, त्यांनी उडी मारू नये, त्यांचे महिन्याला साडेतीनशे-चारशे वाचणार, त्यांची जुनी गाडी बरी. बॅटरी भाड्याने, किलोमीटरवर पैसे, अशी स्कीम सांगतील. गाडी स्वस्त दिसते. समजा किलोमीटरला रुपया, तर तुमच्या वाचलेल्या १,८०० मधले हजार तिकडे गेले. कमी फिरणाऱ्याला ठीक, तुम्हाला नाही. सबसिडीचं म्हणाल तर केंद्र सरकारची फेम-२ योजना मार्च २०२४ लाच संपली, नंतरच्या पीएम ई-ड्राइव्हमधली रक्कम पण कमी होत गेली, तेव्हा "सबसिडी नंतर खात्यात येईल" असं कोणी म्हणालं तर कोटेशनमध्येच वजा करून दाखव म्हणा.

आणि हो, वडील चालवणार असतील तर पहिले आठ दिवस दोन गोष्टी सांगा. गाडी उभी केली की आधी बंद करायची, मग ढकलायची, कारण आवाज नसल्याने चालू आहे हे लक्षात राहत नाही, हँडल धरून फिरवायला गेलं की थ्रॉटल पिळला जातो आणि गाडी समोरच्या गडग्यावर. आणि पावसात सड्यावर रस्त्यात गुरं बसलेली असतात, पेट्रोल गाडीच्या आवाजाने ती निदान मान तरी वळवतात, हिला दाद देत नाहीत, लांबूनच हॉर्न वाजवायचा.